सुट्या भागांची सुसंगती : बेताच्या पैशांत जुळविलेल्या गेमिंग संगणकाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेताच्या पैशांत खेळासाठी संगणक उभा करू पाहणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न किमतीचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो दुसरा प्रश्न होय. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे भाग निरनिराळ्या उत्पादकांकडून येतात. त्यांपैकी कोणता भाग कोणाशी जुळतो हे ठरल्यावाचून स्वस्त-महाग ही तुलनाच संभवत नाही. अर्ध्या किमतीत मिळालेला प्रोसेसर हाती असलेल्या मदरबोर्डवर चालत नसेल, तर तो महागच पडला असे म्हणावे लागते.

या जुळणीचे तीन थर मानता येतात. पहिला थर आकाराचा : भाग खोबणीत बसला पाहिजे. दुसरा थर विजेचा व संकेतांचा : बसलेल्या भागाला योग्य दाबाची वीज मिळाली पाहिजे आणि त्याचे संकेत दुसऱ्या भागाला कळले पाहिजेत. तिसरा थर आज्ञावलीचा : मदरबोर्डवरील बायोसने तो भाग ओळखला पाहिजे आणि खेळाच्या आज्ञावलीला त्याचा उपयोग करून घेता आला पाहिजे. हे तिन्ही थर यंत्रशास्त्राच्या अपरिहार्य नियमांतून निपजले, असे मात्र नव्हे. गेल्या चार दशकांतील व्यापारी स्पर्धा, न्यायालयीन तंटे व उत्पादकांमधील तह यांतून ते घडत गेले. प्रस्तुत लेखात या घडणीचा मागोवा घेतला आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते ती अशी की, भागाभागांतील विसंगती या काळात नाहीशी झाली नाही. ती पहिल्या थरातून तिसऱ्या थरात, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या जागेतून न दिसणाऱ्या जागेत सरकत गेली. ज्याच्याकडे पैसा थोडा आहे, त्याच्यावर या स्थलांतराचा भार सर्वांत अधिक पडला.

१. खुल्या रचनेचा उदय

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लॉरिडा राज्यातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालील एका लहान गटाने सुमारे एका वर्षात तो सिद्ध केला होता. अवधी थोडा असल्यामुळे या गटाने कंपनीची रूढ प्रथा बाजूस ठेवून बाहेर तयार मिळणारे भाग स्वीकारले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता; कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून आली आणि ती इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. सर्वांत साध्या संचाची किंमत १,५६५ डॉलर असून त्यात १६ किलोबाइट मेमरी होती. पडदा त्यात धरलेला नव्हता. यंत्रात जादा कार्डांसाठी पाच स्लॉट होते. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक पुस्तिकेत विद्युत्-मंडलांचे आराखडे आणि बायोसची संहिताही छापलेली होती.

या प्रकाशनाचा परिणाम दुहेरी झाला. त्या स्लॉटमध्ये बसणारे कार्ड कोणालाही बनविता येऊ लागले. उलटपक्षी बायोसची संहिता छापली गेल्यामुळेच ती कॉपीराइटच्या संरक्षणाखाली उघड उभी राहिली, व तिची नक्कल करणारा सहज पकडला जाऊ शकत होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेले रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी स्थापन केलेल्या कॉम्पॅक कंपनीने यातून मार्ग काढला. बायोसचे कार्य काय आहे याची नोंद एका गटाने करावयाची आणि मूळ संहिता ज्यांनी पाहिलेलीच नाही अशा दुसऱ्या गटाने त्या नोंदीवरून नवी संहिता लिहावयाची, अशी ही रीत होती. कॉम्पॅकचा संगणक नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर होऊन पुढील वर्षी विक्रीस आला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने अशाच रीतीने लिहिलेली बायोस इतर उत्पादकांना परवान्याने देण्यास प्रारंभ केला, आणि आयबीएमशी जुळणारा संगणक बनविणे ही लहान कारखान्याच्याही आवाक्यातील गोष्ट झाली.

या काळात ‘सुसंगत’ या विशेषणाचा अर्थ निश्चित नव्हता. मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली चालते एवढ्यावर काही उत्पादक आपले यंत्र सुसंगत म्हणवीत. त्याची खरी कसोटी दोन आज्ञावलींनी लावली : लोटस १-२-३ हा हिशेबाचा कार्यक्रम आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा विमान चालविण्याचा खेळ. वेग साधण्यासाठी या दोन्ही आज्ञावली कार्यप्रणालीला वळसा घालून थेट यंत्राच्या भागांशी व्यवहार करीत. म्हणून यंत्राची रचना तंतोतंत तशीच नसेल, तर त्या चालत नसत. कार्यालयात निभावून जाणारी विसंगती खेळात उघडी पडते, हा अनुभव येथपासूनचा आहे.

२. दार बंद करण्याचा प्रयत्न

१९८६ मध्ये इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरवर आधारलेला संगणक कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी बाजारात आणला. मूळ यंत्राची दिशा आता मूळ निर्मात्याच्या हाती राहिलेली नाही, हे त्याने सिद्ध झाले. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही नवी मालिका काढली. तिच्या वरच्या श्रेणीतील यंत्रांत मायक्रो चॅनेल नावाची नवी बस होती. तांत्रिक दृष्टीने ती जुन्या बसपेक्षा निःसंशय सरस होती; परंतु जुनी कार्डे तिच्यात बसत नसत, आणि ती वापरू इच्छिणाऱ्या इतर उत्पादकांना परवाना व शुल्क यांच्या अटी मान्य कराव्या लागत. कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेट्टी, टँडी, वाइज, झेनिथ व एएसटी या नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन ईआयएसए नावाची पर्यायी बस मांडली. तिचे वैशिष्ट्य हे की जुनी कार्डेही तिच्यात चालत. जुन्या बसला आयएसए हे नावही या वादाच्या निमित्ताने, मागाहून मिळाले.

या संघर्षात नव्या दोन्ही बसपैकी एकीचाही सामान्य घरात शिरकाव झाला नाही. ईआयएसए महाग असल्यामुळे मुख्यतः सर्व्हरांपुरती राहिली आणि मायक्रो चॅनेल मागे पडली. टिकली ती १९८४ ची जुनी, संथ पण सर्वांना मोकळी असलेली बस. ग्राहकाने वेगापेक्षा आपल्याजवळची कार्डे निरुपयोगी न होण्यास अधिक किंमत दिली, असा या निकालाचा अर्थ लावता येतो.

खुल्या बसची किंमतही ग्राहकालाच मोजावी लागली. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर हे ध्वनिकार्ड १९८९ मध्ये आले. ते आधीच्या ॲडलिब कार्डाशी जुळणारे असल्यामुळे जुन्या खेळांतील संगीत त्यावर वाजे, व थोड्याच काळात ते स्वतःच खेळांचे प्रमाण ठरले. मात्र ते बसविणे सोपे नव्हते. कार्डाचा पत्ता, प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची आयआरक्यू मार्गिका आणि मेमरीशी व्यवहार करण्याची डीएमए वाहिनी या तिन्ही गोष्टी कार्डावरील लहान जंपर हलवून ठरवाव्या लागत आणि तेच आकडे प्रत्येक खेळाला सांगावे लागत. आयआरक्यू ७ निवडल्यास प्रिंटरच्या जोडणीशी झगडा होण्याचा संभव असे. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसले आहे, वीज मिळत आहे, तरीही खेळ मुका आहे, अशी स्थिती वारंवार उद्भवे. इंटेलने १९९२ मध्ये पुढे आणलेली पीसीआय बस आणि ऑगस्ट १९९५ मध्ये आलेली विंडोज ९५ यांच्या योगाने हे आकडे यंत्रानेच वाटून घेण्याची पद्धत रूढ झाली. पहिली काही वर्षे ती पुष्कळदा फसत असली, तरी जंपरांचे युग तिने संपविले.

३. एक खोबण, अनेक प्रोसेसर

१९९५ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. इंटेलने त्या वर्षी एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस यांच्या मापांचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यापूर्वीच्या एटी पद्धतीत मदरबोर्डला वीज देणाऱ्या दोन जोडण्या शेजारीशेजारी बसवाव्या लागत आणि दोहोंच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून याव्यात, हा नियम जुळणी करणाऱ्याला पाठ असावा लागे. तो चुकल्यास मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असे. एटीएक्समधील जोडणी एकच आणि एकाच दिशेने बसणारी होती. पहिल्या थरातील विसंगती येथे जवळजवळ संपली. मध्यंतरी झालेल्या सुधारणा जमेस धरूनही या प्रमाणाची मूळ मापे आजतागायत टिकून आहेत, आणि म्हणूनच जुने कॅबिनेट नव्या मदरबोर्डसाठी वापरून पैसे वाचविता येतात.

प्रोसेसरच्या बाबतीत अशी स्थिरता अल्पकाळ लाभली. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबणे नको असल्यामुळे इंटेलने १९८२ मध्ये एएमडीशी करार केला होता. त्याच्या अर्थावरून दोघांत चाललेले तंटे १९९५ मध्ये मिटले. त्या सुमारास रूढ असलेल्या सॉकेट ७ या खोबणीत इंटेलचा पेंटियम, एएमडीचे के-५ व के-६ आणि सायरिक्सचा ६एक्स८६ हे सर्व बसत. बेताच्या पैशांच्या ग्राहकाला इतकी विस्तृत निवड क्वचितच मिळाली असेल.

तथापि ‘बसतो’ आणि ‘शोभतो’ यांतील अंतर १९९६ मध्ये क्वेक या खेळाने दाखवून दिले. सायरिक्सचा प्रोसेसर १३३ मेगाहर्ट्झवर चालत असूनही त्याला पीआर १६६+ असे नाव होते; १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमला मागे टाकतो, असा त्याचा अर्थ. सामान्य कार्यालयीन कामापुरता तो दावा निराधार नव्हता. परंतु क्वेकची रचना दशांश गणितावर उभी होती आणि पेंटियममधील त्या गणिताचा विभाग इतर कामाच्या जोडीने चालू राहतो, या गुणाचा तिने पुरेपूर फायदा घेतला होता. सायरिक्समध्ये हाच विभाग दुबळा होता. परिणामी खोबण तीच, बायोस तीच, किंमत कमी, आणि खेळ मात्र रखडत चाललेला, असा अनुभव अनेकांना आला. अशा ग्राहकाने सुसंगतीचा कोणताही लिखित नियम मोडलेला नव्हता. आपला खेळ यंत्राच्या कोणत्या अंगावर भार टाकतो, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

१९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी स्लॉट १ ही नवी जोडणी आणली. तिच्यावर पेटंटांचे संरक्षण होते. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांची वाट वेगळी झाली. एएमडीने सॉकेट ७ चेच आयुष्य वाढविले आणि १९९९ मध्ये ॲथलॉनसाठी स्लॉट ए ही जोडणी घेतली. तिचा साचा स्लॉट १ चाच, फक्त उलटा फिरविलेला होता. संकेत सर्वस्वी भिन्न होते. आकार समान आणि अर्थ भिन्न, ही स्थिती येथे मूर्त स्वरूपात दिसते.

याच काळात अल्पव्ययी जुळणीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग घडला. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्यातील कॅश मेमरी १२८ किलोबाइटच होती, पण ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. महागड्या पेंटियम २ मधील ५१२ किलोबाइट कॅश निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनचा गुणक ४.५ ठरविलेला होता. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर त्याचा वेग ३०० होई. १०० मेगाहर्ट्झची बस देऊ शकणारा, ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड निवडल्यास तोच प्रोसेसर पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्झवर चाले व खेळांत अव्वल पेंटियम २ ची बरोबरी करी. प्रत्येक नग हे करीलच, याची हमी अर्थातच नव्हती. तरीही या प्रसंगाचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. येथे बचत स्वस्त भाग घेतल्यामुळे झाली नाही. कोणत्या मदरबोर्डाशी कोणत्या प्रोसेसरचे नाते जुळते, या ज्ञानामुळे झाली.

ग्राफिक्स कार्डांच्या क्षेत्रात ३डीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डाने १९९६ पासून काही वर्षे राज्य केले. ते ग्लाइड या कंपनीच्या स्वतःच्या आज्ञासंचावर चाले. डिसेंबर २००० मध्ये या कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाकडे जाण्याचे ठरले आणि ग्लाइडवर विसंबलेल्या ग्राहकांमागचा आधार नाहीसा झाला. डायरेक्टएक्स व ओपनजीएल हे एका कार्डाला न बांधलेले आज्ञासंच मात्र पुढे चालत राहिले.

४. दिसेनाशी झालेली विसंगती

२००४ पासून मदरबोर्डांवर आलेली पीसीआय एक्स्प्रेस ही आजवरची सर्वांत यशस्वी जोडणी म्हणावी लागेल. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुने कार्ड नव्या स्लॉटमध्ये, दोहोंना साधणाऱ्या वेगाने चालते. तिच्या लांब स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळू शकते. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेले जीटीएक्स ७५० टीआय हे कार्ड ६० वॉटमध्ये भागत असल्यामुळे, कार्यालयांनी काढून टाकलेल्या सेकंडहँड संगणकात एसएमपीएस न बदलता ते बसविता आले. अशा यंत्रांतील एसएमपीएस बहुधा कमी शक्तीचा आणि कित्येकदा अप्रमाण जोडणीचा असतो. म्हणून हे साठ वॉट पुष्कळांच्या दृष्टीने कार्डाच्या वेगाइतकेच महत्त्वाचे ठरले.

परंतु याच जोडणीत नवी विसंगती दडलेली होती. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे अल्पमोली कार्ड काढले. त्याला सोळाऐवजी चारच मार्गिका होत्या. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर त्याचे भागे. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर मार्गिकांचा वेग निम्मा होई आणि कार्डावरील ४ गिगाबाइट मेमरी अपुरी पडताच खेळ अडखळे. अर्थात जुना मदरबोर्ड ज्याच्याकडे असण्याचा संभव अधिक, त्याच ग्राहकासाठी काढलेले कार्ड जुन्या मदरबोर्डवर सर्वांत अधिक मागे पडत होते. कार्ड बसत होते, पडदा उजळत होता, कोणतीही चूक दर्शविली जात नव्हती.

प्रोसेसरच्या खोबणींबाबत दोन धोरणे दिसतात. इंटेलची एलजीए ११५१ ही खोबण २०१५ ची. २०१७ मध्ये आलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर त्याच आकाराच्या खोबणीत बसत, पण त्यांना नव्या चिपसेटचा मदरबोर्ड लागे. एएमडीने एएम४ ही खोबण दीर्घकाळ राखली. पण तेथेही संघर्ष झालाच. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की येऊ घातलेले झेन ३ प्रोसेसर ४०० मालिकेच्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत. बायोस साठविणाऱ्या चिपमध्ये इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, असे कारण देण्यात आले. अनेक मदरबोर्डांवर ही चिप १६ मेगाबाइटचीच होती. पुढील प्रोसेसर बसविता येईल या भरवशावर मदरबोर्ड घेतलेल्या ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरविला. २०२२ मध्ये ही सवलत ३०० मालिकेपर्यंत पोचली. परिणामी २०१७ मधील मदरबोर्डवर, बायोस अद्ययावत करून, एप्रिल २०२२ मध्ये निघालेला रायझन ७ ५८०० एक्स३डी हा खेळांसाठी नावाजलेला प्रोसेसर बसविता येऊ लागला. सुसंगतीची सीमा कोठे आखावयाची हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नसतो, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचित मिळेल.

५. भारतातील बाजारपेठ

भारतात या खुल्या रचनेला ‘असेंबल केलेला संगणक’ हे नाव मिळाले. मुंबईत ग्रँट रोडनजीकचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि दिल्लीत नेहरू प्लेस ही या व्यवहाराची प्रमुख केंद्रे बनली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली. पुढे १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान कराराचा सदस्य झाला आणि त्यात अंतर्भूत वस्तूंवरील आयातशुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. ब्रँडेड यंत्र एकरकमी घेणे ज्यांना शक्य नव्हते, अशा कुटुंबांना असेंबल केलेले यंत्र घेऊन पुढे सवडीने मेमरी, मग ग्राफिक्स कार्ड अशी भर घालता आली. अशा ग्राहकाच्या दृष्टीने दुकानदार हाच सुसंगतीचा जिवंत कोश होता. त्याचा सल्ला मात्र दुकानात शिल्लक असलेल्या मालाच्या बाजूने झुकण्याचा संभव असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवर अवलंबून असलेली पद्धत बंद झाल्यावर वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली, तेव्हा ग्राहकाच्या स्वतःच्या जाणकारीचे मोल आणखी वाढले.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली : सुसंगती हा कोणा एका कंपनीने दिलेला वर नसून, मुदत असलेला तह आहे. तो १९८७ मध्ये मोडू पाहणाऱ्यांना ग्राहकांनी व प्रतिस्पर्ध्यांनी थोपविले. १९९७ मध्ये तो काही अंशी मोडला. २०२० मध्ये त्याची मुदत ग्राहकांच्या दडपणाने वाढली.

दुसरी : विसंगतीचे स्थान बदलले आहे. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या मेमरींच्या खाचा भिन्न जागी असल्यामुळे आज चुकीची मेमरी बसविणेच अशक्य आहे. याउलट बायोसची आवृत्ती, मार्गिकांची संख्या, चिपसेटची मालिका यांची खूण भागाच्या अंगावर दिसत नाही. म्हणून निवडीचा क्रमही बदलावा लागतो. आधी खेळ कोणते व ते कोणत्या अंगावर भार टाकतात ते पाहावे. मग मदरबोर्ड निवडताना त्याच्या खोबणीचे आयुष्य किती उरले आहे याचा विचार करावा. उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत किमान बायोस आवृत्ती पाहावी. ग्राफिक्स कार्डाची पिढी, मार्गिका, लांबी व वीज यांची मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांच्याशी तुलना करावी. आणि किंमत शेवटी विचारावी.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो संपूर्ण यंत्रच बदलतो. त्याला जुन्या-नव्याच्या नात्याची चिंता करावी लागत नाही. ज्याला एका वर्षी मेमरी आणि दुसऱ्या वर्षी कार्ड घ्यावयाचे आहे, त्याचा सारा हिशेब हे नाते टिकण्यावर अवलंबून असतो. खोबणीचे आयुष्य दोन वर्षांनी वाढणे म्हणजे त्याच्या पदरात एका मदरबोर्डाची किंमत पडणे होय. संगणकाच्या इतिहासात वेगाच्या आकड्यांना जे स्थान मिळाले आहे, ते सुसंगतीच्या या मुदतींना अद्याप मिळालेले नाही. सामान्य घरांतील संगणकाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची कालगणना नव्या प्रोसेसरांच्या जन्मतारखांपेक्षा जुन्या मदरबोर्डांच्या आयुर्मानावरून करणे अधिक युक्त ठरेल.